जुन्या बेसबॉल कार्डांवर समक्ष सही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली सोळा वर्षं मी न्यू जर्सीत राहून जुन्या बेसबॉल कार्डांवर त्या त्या खेळाडूला भेटून सह्या घेतो आहे. बेसबॉल कार्ड म्हणजे पुढे खेळाडूचं चित्र आणि पाठीवर त्याची आकडेवारी छापलेला, पूर्वी च्युइंगमच्या पाकिटातून मिळणारा पुठ्ठ्याचा तुकडा. घरी जेवायला आलेल्या पाहुण्यांचं कपाटाकडे लक्ष गेलं की प्रश्न सुरू होतात. मंडळाच्या गणेशोत्सवात भेटणारी, इथेच जन्मलेली आपली मुलंही हल्ली विचारायला लागली आहेत. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो.

जुनं कार्ड म्हणजे किती जुनं?

यावर संग्राहकांचं एकमत नाही. कुणी १९८० च्या आधीचं ते जुनं मानतो. मी १९७३ ची रेघ धरतो, आणि त्याला कारण आहे. ही कार्डं छापणारी ब्रुकलिनची टॉप्स कंपनी तोपर्यंत वर्षाचा संच टप्प्याटप्प्याने काढायची. उन्हाळा सरता सरता शेवटचा टप्पा दुकानात यायचा तेव्हा मुलं फुटबॉलकडे वळलेली असायची. म्हणून शेवटच्या टप्प्यातली कार्डं आज दुर्मीळ आहेत. १९७४ पासून सगळी कार्डं एकदम बाजारात येऊ लागली आणि ती गंमत संपली.

या छंदाचं मूळपीठ म्हणजे १९५२ चा टॉप्सचा ४०७ कार्डांचा संच. तो घडवणाऱ्या साय बर्गर यांनी स्वतः सांगितलेली हकीकत अशी: त्या संचाच्या शेवटच्या टप्प्याची न विकलेली खोकी गोदामात जागा अडवून बसली होती. १९६० मध्ये ती बार्जवर लादून समुद्रात सोडून दिली. तेही आमच्या न्यू जर्सीच्याच किनाऱ्याबाहेर. यांकीज संघाचा तारा मिकी मँटल याचं ३११ क्रमांकाचं कार्ड त्याच शेवटच्या टप्प्यातलं. त्याची एक उत्तम प्रत ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेली.

त्याआधीच्या आणि त्याच सुमाराच्या इतर मालिकाही सुंदर आहेत. १९०९ ते १९११ मधली सिगारेटच्या पाकिटातली टी-२०६, १९३३ ची गाउडी, १९४८ ते १९५५ मधली बोमन. पण समक्ष सही घ्यायची तर खेळाडू हयात हवा. त्यामुळे नव्याने सुरुवात करणाऱ्याने साठ आणि सत्तरच्या दशकांतल्या कार्डांवर लक्ष द्यावं.

सही केलेली कार्डं विकत मिळतात. मग भेटायचाच हट्ट का?

कारण स्वाक्षरी म्हणजे स्व-अक्षर, त्या माणसाचं स्वतःचं अक्षर. ते त्याचंच आहे हे खात्रीने सांगू शकणारा माणूस एकच: लिहिताना समोर उभा असलेला.

हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही. नव्वदच्या दशकात एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाची मोहीम राबवली. कॅलिफोर्नियातली एक टोळी वर्षानुवर्षं खोट्या सह्या करून चेंडू, बॅटी, फोटो, कार्डं विकत होती आणि सोबत प्रमाणपत्रंही देत होती. सॅन दिएगो पाद्रेसच्या टोनी ग्विनला तर आपल्याच संघाच्या दुकानात आपल्याच नावाच्या खोट्या सह्या दिसल्या. जप्त झालेल्या मालात मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉलही होते. त्या काळी बाजारातला निम्म्याहून अधिक माल खोटा असावा, असा तपास करणाऱ्यांचा अंदाज होता.

टपालाने कार्ड पाठवून सही मागवायची पद्धतही जुनी आहे, आणि अनेक म्हातारे खेळाडू मनापासून सही करून परत पाठवतात. पण मोठ्या खेळाडूंच्या बाबतीत घरातलं कुणी किंवा सेक्रेटरी सही ठोकायचा, आणि क्लबहाऊसमध्ये (संघाच्या खोलीत) काम करणारी पोरं खोकंभर चेंडूंवर खेळाडूच्या नावाने सह्या करायची, हे काही आता गुपित राहिलेलं नाही. पाकीट परत आलं की आपल्या हाती सही येते, पण पेन कुणाच्या हातात होतं ते कळत नाही.

सहीने कार्ड खराब होत नाही का?

कोपरे धारदार असलेलं कोरं करकरीत कार्ड असेल तर होतं. त्यावर सही घेऊच नये. ते तसंच जपावं किंवा ज्याला हवं त्याला द्यावं.

सहीसाठी मी मुद्दाम वापरलेली कार्डं शोधतो. कोपरे गोल झालेले, मध्ये बारीकशी घडी, पाठीला च्युइंगमचा किंवा पाकिटाच्या मेणाचा डाग. अशी कार्डं स्वस्त मिळतात आणि कुणीतरी लहानपणी ती खिशात घालून फिरलेला असतो. दोन गोष्टी मात्र बघायच्या. पुढच्या बाजूचा कागद कुठे सोलवटलेला नको, कारण तिथे शाई फुटते. आणि सहीपुरती उजळ, मोकळी जागा हवी: आकाश, पांढरी जर्सी, मैदानाचं गवत.

१९५२ च्या संचातलं एक नंबरचं कार्ड अँडी पॅफकोचं आहे. मुलं गठ्ठ्याला रबरबँड लावायची आणि पहिलं कार्ड नेहमी वर राहायचं. त्यामुळे पॅफकोचं धड कार्ड मिळणं मुश्कील आणि झिजलेलं मिळणं सोपं. मला ते झिजलेलंच जास्त आवडतं.

कार्ड अस्सल जुनं आहे की नंतर छापलेलं, हे कसं ओळखायचं?

आधी आकार मोजा. टॉप्सची १९५२ ते १९५६ ची कार्डं मोठी होती, सुमारे २⅝ बाय ३¾ इंच. १९५७ पासून आजचा २½ बाय ३½ चा आकार आला. टॉप्सने १९८३ मध्ये १९५२ च्या संचाचं पुनर्मुद्रण केलं. ते लहान आकारात आहे आणि पाठीवर तसं छापलेलंही आहे. त्या संचात ४०२ च कार्डं आहेत, कारण पाच खेळाडूंशी करार जमला नाही.

मग भिंग घ्या. जुन्या छपाईत चित्र रंगीत ठिपक्यांचं असतं, पण अक्षरं आणि काळ्या रेघा सलग उमटलेल्या असतात. जुन्या कार्डाचा फोटो काढून परत छापलं की अक्षरांतही ठिपके येतात. एकदा डोळ्याला सवय झाली की चटकन कळतं.

पुनर्मुद्रणावर सही घेणं चूक नाही. मात्र ते पुनर्मुद्रण आहे हे आपल्याला ठाऊक हवं आणि पुढे ते कुणाला दिलं तर सांगायला हवं.

कार्डावर सही आधीच छापलेली असते, ती कुणाची?

खेळाडूच्या सहीचा ठसा असतो तो. १९५२, १९५९, १९६७, १९७१ अशा कित्येक वर्षांच्या टॉप्स कार्डांवर आहे. नवखा माणूस पहिल्यांदा फसतो तो इथेच. भिंगाखाली बघा, छापील सही चित्राच्या पातळीतच बसलेली असते. खरी शाई वरून आडवी जाते, कडेला थोडी फुटते, तिरक्या उजेडात तिची चमक वेगळी दिसते.

ठसा असलेल्या कार्डावर मी सही दुसऱ्या जागी घेतो. दोन्ही शेजारी शेजारी बघायला फार आवडतं. बावीस वर्षांच्या पोराची टोकदार, घाईची सही आणि तिच्याखाली ऐंशीच्या घरातल्या हाताची थरथरती, सावकाश सही.

रॉबर्टो क्लेमेंटेचं उदाहरण देतो. पोर्तो रिकोचा हा माणूस स्वतःला रॉबर्टो म्हणवायचा. १९५५ आणि १९५६ च्या कार्डांवर तेच नाव आहे. पुढे १९५७ पासून १९६९ पर्यंत टॉप्सने त्याला ‘बॉब’ करून टाकलं. बॉब छापलेल्या कार्डावर त्याने शाईने रॉबर्टो लिहिलेलं पाहिलं की स्व-अक्षर म्हणजे काय ते कळतं.

खेळाडू भेटतात कुठे?

सगळ्यात चांगली जागा म्हणजे स्प्रिंग ट्रेनिंग. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत मेजर लीगचे, म्हणजे सर्वोच्च पातळीवरचे, तीसही संघ सरावाला जातात, निम्मे फ्लोरिडात, निम्मे ॲरिझोनात. न्यूयॉर्कचे यांकीज टँपात, न्यूयॉर्कचेच मेट्स पोर्ट सेंट लुसीत, फिलाडेल्फियाचे फिलीज क्लिअरवॉटरला. अनेक संघ आपले निवृत्त खेळाडू पाहुणे प्रशिक्षक म्हणून बोलावतात. आजच्या ताऱ्याभोवती गर्दी उसळलेली असते आणि पलीकडच्या मैदानाच्या कुंपणाजवळ साठ वर्षांपूर्वीचा एखादा पिचर (चेंडू टाकणारा) एकटाच उभा असतो. सकाळी लवकर जा, मुख्य स्टेडियम सोडून मागच्या सराव मैदानांकडे जा, आणि जुन्या चेहऱ्यांचे आजचे फोटो आधी बघून ठेवा. कार्डावरचा तरुण आणि समोरचे आजोबा यांची सांगड घालायला वेळ लागतो. मी एकदा एका खेळाडूच्या शेजारी वीस मिनिटं उभा होतो आणि त्याचं कार्ड माझ्या पिशवीतच होतं. ओळखलं तेव्हा त्याची गाडी निघून गेली होती.

दुसरी जागा कूपरस्टाउन. न्यूयॉर्क राज्यातलं दोन हजारही वस्ती नसलेलं गाव, पण १९३९ पासून बेसबॉलचं हॉल ऑफ फेम, म्हणजे थोर खेळाडूंचा मान करणारं संग्रहालय, तिथे आहे. जुलैमध्ये नव्या मानकऱ्यांचा समारंभ असतो तेव्हा मेन स्ट्रीटवर चालायला जागा नसते. हयात मानकऱ्यांपैकी बरेचसे तळ्याकाठच्या ओटेसागा हॉटेलात उतरतात. रस्त्यावरच्या दुकानांतून जुने खेळाडू टेबल मांडून सह्या देतात. पीट रोझ हॉल ऑफ फेममध्ये नसूनही कित्येक वर्षं त्याच आठवड्यात त्याच रस्त्यावर बसायचा. माझा सल्ला असा की गर्दीच्या दिवसांत एकदा जाऊन ती पंढरी बघा, पण सह्यांसाठी शुक्रवारीच पोचा.

याशिवाय यांकीजचा ओल्ड टायमर्स डे, म्हणजे जुन्या खेळाडूंना बोलावण्याचा दिवस, आहे. मेट्सनेही २०२२ मध्ये तसा दिवस केला होता. मायनर लीगच्या, म्हणजे खालच्या पातळीवरच्या संघांच्या, मैदानांवर एखाद्या संध्याकाळी जुना खेळाडू पाहुणा म्हणून येतो आणि दाराशी टेबलावर बसतो. वाचनालयांत व्याख्यानं होतात. बेसबॉलच्या अभ्यासकांची ‘सेबर’ ही संस्था १९७१ पासून आहे आणि तिच्या संमेलनांत निवृत्त खेळाडू बोलायला येतात. अशा ठिकाणी पन्नास माणसं असतात आणि खेळाडूला घाई नसते. मला सगळ्यात चांगल्या सह्या अशाच ठिकाणी मिळाल्या आहेत.

आणि कार्डांची प्रदर्शनं. त्यातलं सर्वांत मोठं ‘द नॅशनल’, १९८० पासून दर उन्हाळ्यात भरतं, बरेचदा शिकागोजवळच्या रोझमाँटला.

प्रदर्शनात पैसे मोजून घेतलेली सही ‘समक्ष’ म्हणायची का?

म्हणायची. पेन त्याच्याच हातात असतं आणि तुम्ही समोर असता. पैसे देण्यात मला काही गैर वाटत नाही. या पिढीला खेळाने फार थोडं दिलं. टॉप्स मायनर लीगमधल्या पोराला कार्ड छापायच्या करारासाठी पाच डॉलर द्यायची. तो वर मेजर लीगमध्ये पोचला की वर्षाला सव्वाशे, किंवा त्या किमतीची वस्तू कॅटलॉगमधून निवडायची. त्याच्या कार्डावर लोकांनी नंतर किती कमावले ते बघता, आज त्याने सहीचे पैसे मागितले तर ते त्याचेच आहेत.

फक्त रांगेत उभं राहण्याआधी दरपत्रक नीट वाचा. साध्या कार्डाचा दर वेगळा, रुकी (पहिल्यावहिल्या) कार्डाचा वेगळा, आणि सहीखाली ‘एमव्हीपी’ (सर्वोत्तम खेळाडूचा किताब) किंवा हॉल ऑफ फेमचं वर्ष लिहून हवं असेल तर त्याचा वेगळा.

पेन कुठलं वापरायचं?

यावर मी तासभर बोलू शकतो.

पन्नास ते सत्तरच्या दशकांतली कार्डं साध्या पुठ्ठ्यावर छापलेली असतात. आजच्या कार्डांसारखा चकचकीत लेप त्यांवर नसतो. त्यामुळे बारीक टोकाचा निळा शार्पी (न पुसणारा मार्कर) छान चालतो. निळा अशासाठी की काळी सही काळ्या छपाईत हरवते. शाई छापील आहे की पेनाची, असा प्रश्नही निळ्याला कुणी विचारत नाही. काही जण स्टेडलरचा ल्युमोकलर पसंत करतात. त्याची रेघ अधिक बारीक आणि कडा स्वच्छ येते. गडद चित्रावर चंदेरी पेंट पेन लागतं, पण ते आधी टाकाऊ कार्डावर चालवून शाई खाली उतरवून घ्यावी लागते. तसं केलं नाही तर पहिलाच थेंब खेळाडूच्या चेहऱ्यावर पडतो.

बॉलपेनची सही जुन्या पुठ्ठ्यावर सर्वांत टिकाऊ, आणि त्या काळाशी सर्वांत प्रामाणिकही. पण दाब देऊन लिहावं लागतं आणि म्हाताऱ्या बोटांना ते जड जातं. शिवाय खाली कडक आधार नसेल तर कार्डाला वळ उठतो.

पेनाचा इतिहास खोटी सही पकडायलाही उपयोगी पडतो. शार्पी १९६४ मध्ये बाजारात आला. जुन्या जमान्याचा तारा टाय कॉब १९६१ मध्ये वारला. कॉबची शार्पीने केलेली सही कुणी दाखवली तर पुढचं काही बघायची गरज नाही. बॉलपेन अमेरिकेत दुकानात मिळू लागलं ऑक्टोबर १९४५ मध्ये, आणि बेसबॉलचा सर्वांत प्रसिद्ध फलंदाज बेब रूथ गेला ऑगस्ट १९४८ मध्ये. म्हणजे रूथची बॉलपेनची सही शक्य आहे, पण शेवटच्या तीनच वर्षांतली.

जेल पेन कधीच नको. ते वाळतच नाही.

कार्ड पुढे कसं करायचं?

प्लास्टिकमधून आधीच बाहेर काढून ठेवा. लहान क्लिपबोर्डवर कार्ड, खेळाडूच्या बाजूने सुलट, टोपण काढलेलं पेन त्याच्या उजव्या हाताला. डावखुरा असेल तर डाव्या. तो डावखुरा आहे की नाही हे कार्डाच्या पाठीवर छापलेलं असतं, आधी वाचा. सही कुठे हवी ते बोटाने दाखवा, एकदाच.

फ्लोरिडात एक वेगळीच अडचण येते. खेळाडूच्या हाताला सनस्क्रीन आणि घाम असतो, आणि जुना पुठ्ठा दोन्ही शोषून घेतो. म्हणून कार्ड त्याच्या हातात न देता बोर्ड आपण धरावा.

सही झाली की दहा मिनिटं कार्ड उघडं ठेवा. माझ्या तिसऱ्या की चौथ्या सहीला मी आनंदाच्या भरात कार्ड लगेच पाकिटात सरकवलं आणि आडनावाची शेवटची तीन अक्षरं पुसली गेली. त्या पिचरला मी पुन्हा कधी भेटू शकलो नाही. ते कार्ड अजून माझ्याकडे आहे.

त्यांच्याशी बोलायचं काय?

‘मिस्टर’ आणि आडनाव. आपल्याकडे मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारत नाही, ती सवय इथे उपयोगी पडते. आडनावाचा उच्चार आधी विचारून घ्या.

मग कार्डाबद्दल विचारा. विक्रमांबद्दल त्यांना आयुष्यभर विचारलेलं असतं, कार्डातल्या फोटोबद्दल सहसा कुणी विचारत नाही. आणि या फोटोंत गोष्टी दडलेल्या असतात. १९५९ च्या टॉप्स कार्डावर लू बर्डेट डाव्या हाताने चेंडू टाकायच्या पवित्र्यात आहे. होता तो उजव्या हाताचा, त्याने छायाचित्रकाराची फिरकी घेतली होती. १९६९ च्या ऑरेलिओ रॉड्रिगेझच्या कार्डावर ऑरेलिओ नाहीच, संघाचा बॅटबॉय (बॅटी सांभाळणारा पोरगा) आहे. १९५७ च्या हँक आरनच्या कार्डात निगेटिव्ह उलटी लागली आणि तो डावखुरा दिसतो.

एका वाचनालयात एक निवृत्त कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारे) आले होते. कार्ड समोर ठेवलं तर बराच वेळ बघत राहिले. मग टोपीवर बोट ठेवून म्हणाले, “ही टोपी मी या दिवशी घातलीच नव्हती.” हिवाळ्यात त्यांची दुसऱ्या संघाशी अदलाबदल झाली होती आणि कंपनीच्या चित्रकाराने जुन्या टोपीवर नव्या संघाची टोपी रंगवली होती. जुन्या संघात त्यांचा जिवलग मित्र राहिला होता. त्याच्याबद्दल ते दहा मिनिटं बोलले. सही करताना त्यांनी पेन टोपीपासून लांब ठेवलं. घरी येऊन मी त्या मित्राचं कार्ड शोधून काढलं आणि आता दोन्ही एकाच पानात ठेवली आहेत.

नाही म्हणाले तर?

“थँक यू, सर” म्हणून बाजूला व्हायचं. कारण विचारायचं नाही. संधिवात असेल, बसची वेळ झाली असेल, सकाळपासून दीडशे सह्या झाल्या असतील. जेवणाच्या टेबलाशी, प्रसाधनगृहाच्या दाराशी, दवाखान्यात किंवा घरच्या पत्त्यावर जाऊन सही मागणं मी चूक मानतो. कुणी कितीही सराईतपणे करत असला तरी.

एका वेळी किती कार्डं न्यावीत?

एक. फार तर दोन. गठ्ठा पुढे करणाऱ्याला खेळाडू लगेच दुकानदार समजतात, आणि मागे उभ्या असलेल्या दहा वर्षांच्या मुलाची पाळी जाते.

एकाच कार्डावर दोन-चार चेहरे असतात, तिथे काय करायचं?

हा माझा सर्वांत आवडता भाग. साठच्या दशकात टॉप्स नवख्यांना वेगळं कार्ड न देता एकत्र कोंबायची. १९६८ च्या १७७ क्रमांकाच्या कार्डावर डावीकडे जेरी कूसमन, उजवीकडे नोलन रायन. पुढच्याच वर्षी दोघं मेट्सकडून वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचं विजेतेपद, जिंकले. १९६३ च्या ५३७ क्रमांकावर पीट रोझ तीन जणांसोबत आहे, चेहरे नाण्याएवढे. १९६७ च्या ५८१ वर टॉम सीव्हरशेजारी बिल डेनेही आहे. सीव्हर हॉल ऑफ फेममध्ये गेला. डेनेहीची कारकीर्द लहान, पण त्याला वॉशिंग्टनच्या संघाला देऊनच मेट्सने गिल हॉजेसला व्यवस्थापक म्हणून आणलं, आणि त्याच हॉजेसने १९६९ च्या विजेतेपदाचा चमत्कार घडवला.

अशा कार्डावर लोक मोठ्या नावाची सही घेऊन थांबतात. मी उलट सांगेन: आधी कमी प्रसिद्ध खेळाडूकडे जा. त्याला आपल्या अर्ध्या बाजूत मोकळेपणाने सही करू द्या. मोठा खेळाडू सवयीने कार्डभर सही करतो आणि मग दुसऱ्याला जागाच उरत नाही. आपल्या नावासाठी राखून आणलेली जागा दिसली की त्या दुसऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते मी चार वेळा पाहिलं आहे.

आपलं नाव घालून घ्यावं का?

विकायचं नसेल तर जरूर. ‘टू’ आणि पुढे आपलं नाव असलं की बाजारभाव उतरतो, पण खेळाडूची शंकाही उतरते आणि तो जास्त मन लावून लिहितो. आपल्या नावांचं स्पेलिंग कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून न्या. माझ्या मुलीचं नाव एका कार्डावर चुकलं आहे, तरी तिने ते बदलू दिलं नाही.

सुवाच्य सहीबद्दल हार्मन किलब्रूचं नाव घ्यायलाच हवं. मिनेसोटाचा हा थोर फलंदाज तरुण खेळाडूंना बजावायचा की नाव वाचता येईल असं लिहा, नाही तर मुलाला कळणार कसं कुणी सही दिली. त्याची स्वतःची सही शाळेतल्या फळ्यावरच्या अक्षरासारखी आहे.

पीएसए, जेएसए, बेकेट यांची प्रमाणपत्रं घ्यावीत का?

विकणार असाल तर घ्यावी लागतील. या कंपन्या सही आधीच्या नमुन्यांशी ताडून बघतात आणि कार्ड कडक प्लास्टिकमध्ये बंद करून देतात. तरी ते मत असतं. डोळ्यांदेखतचा पुरावा वेगळा. मेजर लीग बेसबॉलने २००१ मध्ये जी पद्धत आणली तिच्यात अधिकृत माणूस समोर हजर असल्याशिवाय होलोग्राम लागत नाही. काही प्रदर्शनांतही कंपनीचा माणूस टेबलाशेजारी उभा असतो.

मी स्वतः वही ठेवतो. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची, पुण्याहून आणलेली. तारीख, गाव, कार्डाचं वर्ष आणि क्रमांक, पेन कुठलं, हवा कशी होती, ते काय म्हणाले. शक्य असेल तिथे सही करतानाचा फोटो, पण विचारून. माझ्यानंतर कार्डं ज्याच्या हाती जातील त्याला ती वहीसकट मिळतील.

कुणाच्या सह्या आता मिळणं शक्यच नाही?

१९७२ हे वर्ष बघा. एप्रिलमध्ये गिल हॉजेस गेला, ४७ व्या वर्षी. ऑक्टोबरमध्ये जॅकी रॉबिन्सन. आणि ३१ डिसेंबरच्या रात्री निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं विमान समुद्रात कोसळून क्लेमेंटे. तेव्हा सह्यांच्या प्रदर्शनांचं पीक आलेलं नव्हतं. त्यांच्या कार्डांवरच्या अस्सल सह्यांपैकी कित्येक, मैदानाच्या दाराशी थांबलेल्या कुठल्या तरी पोराने घेतलेल्या आहेत. यांकीजचा कर्णधार थर्मन मन्सन ऑगस्ट १९७९ मध्ये विमान अपघातात गेला, त्याचंही तसंच.

याउलट क्लीव्हलंडचा पिचर बॉब फेलर २०१० मध्ये ९२ व्या वर्षी जाईपर्यंत समोर येईल त्याला सही देत राहिला.

एकट्या २०२० मध्ये अल केलाइन, टॉम सीव्हर, लू ब्रॉक, बॉब गिब्सन, व्हायटी फोर्ड, जो मॉर्गन गेले. जून २०२४ मध्ये विली मेज गेला. यांतल्या दोघांना मी “पुढच्या वर्षी बघू” म्हणून टाळलं होतं.

जपायची कशी?

मऊ पातळ पाकीट, त्यावर कडक प्लास्टिक, दोन्ही पीव्हीसीविरहित. पीव्हीसी काही वर्षांत चिकट होतं आणि शाई उचलतं. उन्हात किंवा ट्यूबलाइटखाली भिंतीवर टांगू नका, निळी शार्पी जांभळट होत होत फिकी पडते. तळघरात दमट हवा असते, तिथे नको. आमच्याकडे कार्डं आतल्या खोलीच्या लाकडी कपाटात, चांदीच्या भांड्यांच्या वरच्या खणात आहेत. प्रवासात हातातल्या बॅगेत, कधीही सामानात नाही.

मुलांना न्यावं का?

न्यावं, पण सही मागायचं साधन म्हणून नाही. मूल पुढे केलं की सही लवकर मिळते, हे खरं आहे आणि म्हणूनच ते करू नये. मुलाला स्वतःचं कार्ड निवडू द्या, पाठीमागची आकडेवारी वाचू द्या, प्रश्न त्याचा त्याला ठरवू द्या. माझ्या मुलीने नवव्या वर्षी एका म्हाताऱ्या शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाला) विचारलं होतं, “तुमचा ग्लव्ह आता कुठे आहे?” तो नातवाकडे होता, आणि नातू तिथेच शेजारी उभा होता.

सुरुवात कुठल्या कार्डाने करू?

मोठ्या नावाने नको. तुमच्या जवळच्या संघाचा, साठ-सत्तरच्या दशकांत तीन-चार हंगाम खेळलेला एखादा खेळाडू घ्या. त्याचं झिजलेलं कार्ड काही डॉलरांत मिळेल. सेबरच्या संकेतस्थळावर त्याचं चरित्र असेल तर वाचा. मग मायनर लीगच्या मैदानावर किंवा वाचनालयात तो कधी येतो यावर लक्ष ठेवा.

तुम्ही सध्या काय गोळा करताय?

१९५९ चा टॉप्सचा संच, ५७२ कार्डांचा. पुरा होणार नाही, त्यातले बहुतेक जण गेले. माझ्याकडे समक्ष घेतलेल्या ३८ सह्या आहेत. मार्चमध्ये फ्लोरिडाला जातो आहे. पिशवीत दोन कार्डं आहेत, दोन निळे शार्पी, एक बॉलपेन, क्लिपबोर्ड आणि ती वही.